मारणाऱ्याला भीती वाटते का?

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्यानं बरीच जागा खाल्ली, त्याला इलाज नाही.

प्रश्न : मॅडम, मी 21 वर्षांचा आहे. कॉलेजच्या हॉकी संघात डिफेन्सला खेळतो. माझा मावसभाऊ कॅनडात एडमंटनला शिकायला आहे. तो तिकडच्या बर्फावरच्या हॉकीचे व्हिडिओ पाठवतो. त्यात दोन खेळाडू हातमोजे फेकून सरळ बुक्क्या मारतात आणि पंच बाजूला उभे राहून बघतात! भाऊ सांगतो, हे लोक खास त्याच कामासाठी संघात घेतलेले असतात, त्यांना 'एन्फोर्सर' म्हणतात आणि प्रेक्षक त्यांच्यावर जीव टाकतात. त्यानंच असंही सांगितलं की 2011 साली एकाच उन्हाळ्यात त्यातले तीन जण गेले आणि त्यानंतर तिकडं मनाच्या आजाराची खूप चर्चा झाली. मला कळत नाही, एवढे पैसे, एवढी ताकद, स्टेडियम नाव घेऊन ओरडतंय, मग यांना कसलं टेन्शन? आमच्या संघातही मी सहाफुटी, त्यामुळं राडा झाला की मलाच पुढं करतात. आजपर्यंत मला त्यात मजाच वाटत आली आहे.
— अ. क., दक्षिण कसबा, सोलापूर

उत्तर : शेवटची दोन वाक्यं तू जाता जाता टाकल्यासारखी लिहिलीस, पण पत्र त्यांच्यासाठीच लिहिलं असावंस. त्यांच्याकडं येतेच. आधी तुझा भाऊ म्हणतो ते बघू.

मी मानसोपचाराची डॉक्टर, खेळातली जाणकार नाही. बर्फावरची हॉकी पडद्यावरच पाहिली. सोलापूरच्या उन्हाळ्यात बर्फ दिसतो तो सरबताच्या गाड्यावर. पण या खेळाडूंबद्दल आमच्या क्षेत्रात बरंच लिहिलं-बोललं गेलंय.

अमेरिका-कॅनडाची मोठी व्यावसायिक लीग म्हणजे एनएचएल. तुमच्या हॉकीत हिरवं कार्ड मिळालं की 2 मिनिटं बाहेर, पिवळं मिळालं की किमान 5 मिनिटं आणि लाल म्हणजे तुझा सामना संपला. तिकडं मारामारीची शिक्षा 5 मिनिटं. दोघांनाही ती सारखीच मिळते, त्यामुळं बर्फावर दोन्ही संघांचे खेळाडू तेवढेच राहतात, म्हणजे संघाच्या खिशाला चाट बसतच नाही. पंच सहसा कुणीतरी खाली पडेपर्यंत किंवा दोघं दमेपर्यंत थांबतात. 1992 मध्ये भांडण उकरून काढणाऱ्याची शिक्षा वाढवली, पण मारामारी खेळाबाहेर काढली नाही.

हे काम कशासाठी, तर आपल्या संघाच्या हिऱ्याला कुणी हात लावू नये म्हणून. तुझा भाऊ राहतो त्या एडमंटनच्या संघात वेन ग्रेट्झ्की होता, या खेळातला सगळ्यात मोठा माणूस. त्याच्या आसपास आधी डेव्ह सेमेन्को आणि पुढं मार्टी मॅक्सॉर्ली असायचे. ग्रेट्झ्कीला धक्का मारायचा तर आधी यांच्याशी गाठ. 1988 मध्ये ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिसला देण्याचा सौदा झाला, तेव्हा मॅक्सॉर्लीही त्याच सौद्यात तिकडं गेला. नवरदेवाबरोबर करवला पाठवावा तसा.

आता अशा माणसाची संध्याकाळ डोळ्यांसमोर आण. सामना 60 मिनिटांचा, त्यातली त्याच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं. बाकी वेळ तो बाकड्यावर. हात थंड, पाय थंड, डोकं तापलेलं. समोरच्या बाकड्यावर त्याच्याच मापाचा दुसरा बसलेला असतो. दोघांनाही ठाऊक असतं की आज बहुधा आपलीच गाठ आहे. ही गाठ त्याला आजच कळलेली नसते. वेळापत्रक हातात पडतं तेव्हाच तो बघून ठेवतो की कोणत्या तारखेला कोणत्या गावात कोण भेटणार. मग त्या तारखेच्या आधीच्या रात्री झोप नाही, दुपारी जेवण जात नाही. प्रत्यक्ष मारामारी मिनिटाच्या आत आटोपते. त्याच्या आधीचे दिवस मात्र कुणी मोजत नाही.

जॉर्ज लराक नावाचा एक फार गाजलेला एन्फोर्सर होता. आपल्याला मारामारी आवडत नव्हती आणि तिच्या आधी जीव टांगणीला लागायचा, हे त्यानं पुढं उघड सांगितलं. 2006 च्या एका सामन्यात त्याच्या अंगावर माइक लावलेला होता. समोरच्याला तो शांतपणे विचारतो, लढायचं का? तो हो म्हणतो. मग लराक त्याला चक्क 'गुड लक' म्हणतो आणि दोघं बुक्क्यांवर येतात. भावाला सांग, ती क्लिप पाठव. पुढच्या बुक्क्या नाही पाहिल्यास तरी चालेल, पण ते बोलणं ऐक. त्यात राग कुठंच नाही. रागाच्या भरात माणूस मारतो तेव्हा राग त्याला थोडं बधिर करतो, भीती झाकतो. इथं ते पांघरूणही नाही. ज्याच्याशी तुझं काडीचं वैर नाही त्याचं नाक फोडायचं किंवा आपलं फोडून घ्यायचं, आणि सकाळी उठून पुढचं गाव गाठायचं.

आता 2011. डेरेक बूगार्ड हा साडेसहा फुटांहून उंच गडी, कॅनडातल्या सॅस्कॅचवानचा. पंधरा-सोळाव्या वर्षी एका सामन्यात तो चिडून समोरच्या संघाच्या बाकड्यावर घुसला आणि सामना बघायला आलेल्या निवडकर्त्यांनी त्याला हेरलं. पोराला स्केटिंग कसं जमतं यापेक्षा तो केवढा आहे आणि घाबरत कसा नाही, हे त्यांनी बघितलं. एनएचएलमध्ये तो 277 सामने खेळला आणि गोल केले 3. हातांची, पाठीची, डोक्याची दुखणी साठत गेली. दुखण्यावर गोळ्या, झोपेसाठी गोळ्या, मग त्यांच्याशिवाय चालेना. 2009 मध्ये त्याच्यावर व्यसनमुक्तीचे उपचार झाले. डिसेंबर 2010 मध्ये एका मारामारीत डोक्याला मार बसला, त्यानंतर तो पुन्हा सामन्यात उतरला नाही. 13 मे 2011 ला वेदनाशामक गोळ्या आणि दारू एकत्र होऊन त्याचा मृत्यू झाला. अपघाती होता तो. वय 28. त्याच्या मेंदूची तपासणी बोस्टनमध्ये झाली. त्यात सीटीई नावाचा आजार दिसला, वर्षानुवर्षं डोक्याला मार बसल्यानं होणारा. एवढ्या कमी वयात तो इतका पुढं गेलेला पाहून तपासणारेही चकित झाले.

ऑगस्टमध्ये रिक रायपिएन गेला, 27 वर्षांचा. हा अंगानं काही दांडगा नव्हता, बूगार्डच्या खांद्याला लागला असता, तरी मोठ्या मोठ्यांना भिडायचा. त्याला अनेक वर्षं नैराश्य होतं. संघाला ते माहीत होतं, त्यानं मधे रजाही घेतल्या होत्या, उपचारही चालू होते. त्याच महिन्याच्या शेवटी वेड बेलॅक, 35 वर्षांचा, नुकताच निवृत्त झालेला. मैफिलीत सगळ्यांना हसवणारा म्हणून त्याची ओळख. त्यालाही नैराश्याचा त्रास होता, असं त्याच्या आईनं नंतर सांगितलं. चाहत्यांना पत्ताच नव्हता.

तिघांना एकाच दोरीत ओवू नकोस. एकाचं कारण गोळ्या, दुसऱ्याचा जुना आजार, तिसऱ्याचं घरच्यांनाही पुरतं उमगलं नसेल. माणूस जातो त्यामागं एकच कारण कधी नसतं. पण 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एनएचएलमधल्या या भांडणाऱ्या खेळाडूंची त्यांच्याच सारख्या इतर खेळाडूंशी तुलना केली. एकूण मृत्यूंच्या प्रमाणात मोठा फरक नव्हता, पण हे लोक सुमारे 10 वर्षं आधी गेले होते, आणि त्यांच्या मृत्यूंच्या कारणांत अमली औषधं आणि आत्महत्या दिसत होत्या. त्याआधी 2018 मध्ये लीगनं डोक्याच्या दुखापतींच्या दाव्यात तीनशेहून अधिक माजी खेळाडूंशी सुमारे 1.9 कोटी डॉलरची तडजोड केली, मात्र चूक आपली असं मान्य केलं नाही. पैसे देऊन हात झटकणं, दुसरं काय.

तू विचारलंस, टेन्शन कसलं? माझ्या मते सगळ्यात जड गोष्ट ही, की ज्याला न घाबरण्याचाच पगार मिळतो, त्याला 'मला भीती वाटते' हे कुणाला सांगायची सोय नसते. गुडघा दुखला तर डॉक्टरकडं जाता येतं. पोटात गोळा येतो हे सांगितलं की संघातली जागा गेली. तशाच अंगाचा, वयानं लहान, भुकेला पोरगा खालच्या लीगमध्ये वाट बघत बसलेलाच असतो. सांगणार कुणाला? प्रशिक्षकाला? ज्या सोबत्यांचा तो राखणदार आहे त्यांना? बायकोला सांगितलं तर ती म्हणेल सोड, आणि सोडलं तर दुसरं येतं काय, 277 सामन्यांत 3 गोल? लोकांचं प्रेम खरं असतं, पण ते त्याच्या मुठीवर असतं, हे त्याला पक्कं कळतं. मग गोळी बरी. ती काही विचारत नाही.

असे लोक बघायला मला एडमंटनला जावं लागत नाही. आपल्याकडं प्रत्येक मंडळात असा एक असतो. मिरवणुकीत डॉल्बीपुढं जागेवरून वाजलं, वर्गणीवरून बाचाबाची झाली की 'अरे, त्याला बोलवा' म्हणतात तो. बाकीचे मागं उभे राहून मोबाइल काढतात. पोलीस चौकीत मात्र नाव त्याचं एकट्याचं लागतं. अशांपैकी काही जण पुढं माझ्याकडं येतात, छातीत धडधड होते म्हणून. ईसीजी नॉर्मल असतो, तो त्यांनी तीन ठिकाणी काढलेला असतो. दार बंद झालं की मग बोलतात.

आता तुझं. मजा वाटते हे खोटं नाही, अंगात जोर आहे, सोबत्यांचा भरवसा आहे, वाटणारच. मी तुला एवढंच बघायला सांगते : सामन्याच्या आदल्या रात्री तू खेळाचा विचार करतोस की राड्याचा? त्यांच्या संघातला दांडगा कोण, हे आधी शोधतोस का? एखाद्या सामन्यात राडा झालाच नाही तर हायसं वाटतं का, आणि ते हायसं वाटणं लपवावंसं वाटतं का? तसं असेल तर कर्णधाराला सरळ सांग, 'मी डिफेन्स खेळायला आलोय, भांडायला दुसरा बघा.' हसतील, दोन दिवस टोमणे मारतील. मारू देत. आणि तुमच्या खेळात लाल कार्ड आहे हे तुझं नशीब समज, तुला नाही म्हणायला नियमाचा आधार आहे. त्या पोरांना तो नव्हता.

हो, एक चांगली गोष्ट राहिली. रायपिएनच्या जाण्यानंतर त्याचे सोबती गप्प बसले नाहीत. 2013 पासून एनएचएलच्या कॅनडातल्या सातही संघांनी सामन्यांच्या वेळी मानसिक आरोग्याबद्दल उघड बोलायचा उपक्रम सुरू केला. मारामाऱ्याही आता पूर्वीच्या मानानं बऱ्याच कमी झाल्यात. नुसता भांडायला ठेवलेला खेळाडू हल्ली फारसा कुणी पोसत नाही.

प्रश्न : माझा मुलगा 13 वर्षांचा, बॉक्सिंगच्या क्लासला जातो. मागच्या महिन्यात डोक्याला मार बसून थोडा वेळ भांबावला होता. त्याला पुढं मेंदूचा आजार होईल का? एमआरआय करून आत्ताच कळेल का?
— एक आई, होटगी रोड

उत्तर : वरच्या उत्तरात सीटीईचं नाव आलंय, ते वाचून तुम्ही आणखी घाबराल, म्हणून लगेच सांगते. तो आजार वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा डोकं आपटण्याशी जोडलेला आहे, एखाद्या वेळच्या माराशी नाही. आणि माणूस जिवंत असताना तो एमआरआयवर पक्का ठरवता येत नाही. मृत्यूनंतर मेंदूचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच निदान होतं, तेही सोपं नाही. टॉड यूइन नावाच्या अशाच एका हॉकीपटूच्या मेंदूत 2016 मध्ये तज्ज्ञांना हा आजार सापडला नव्हता. दुसऱ्या तज्ज्ञांनी पुन्हा तपासलं तेव्हा तो सापडला. तेव्हा एमआरआयचे पैसे आत्ता वाचवा.

तुमच्या हातात आहे ते हे : मार बसून मूल भांबावलं, उलटी झाली, डोकं दुखायला लागलं, काही आठवेना, तर त्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये नाही. सर म्हणाले 'काही होत नाही', तरी नाही. लक्षणं पूर्ण जाऊन डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच हळूहळू सुरुवात. उलट्या थांबत नसतील, झोपेतून नीट उठत नसेल, झटका आला, हातापायातला जोर गेला तर थेट कॅज्युअल्टी. आणि त्या सरांना एकदा विचारा, या वयाच्या मुलांना डोक्यावर ठोसे मारायची प्रॅक्टिस किती वेळा देता? उत्तर टाळलं तर क्लास बदला.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी विड्या वळते, हे पत्र माझी मुलगी लिहून देत आहे. माझे मिस्टर पूर्वी तालमीत होते, अंगानं मोठे आहेत. आता एका फायनान्सवाल्यांकडं वसुलीला जातात. साहेब त्यांना म्हणतात, तुम्ही काही बोलू नका, नुसते दारात उभे राहा. हल्ली सकाळी निघायच्या आधी त्यांना उलटीसारखं होतं, तीन-चारदा संडासला जातात. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आणून दिवसाला चार-पाच खातात, रात्री दारू. पूर्वी घरात आवाज चढवत नव्हते, आता ताट भिरकावतात आणि मग एकटेच बसतात. डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हणतात, मी पैलवान माणूस, मला काय झालंय? परवा म्हणाले, माझ्या माघारी पोरींचं तू बघ. काय करू?
— एक भगिनी, विडी घरकुल

उत्तर : ताई, पत्रात तुम्ही जे सगळ्यात शेवटी लिहिलंय ते सगळ्यात आधी घेते. 'माझ्या माघारी पोरींचं तू बघ' हे नुसतं बोलणं समजू नका. आज रात्री, दारू प्यायच्या आधी, मुली शेजारी गेलेल्या असताना त्यांना सरळ विचारा, 'जीव नकोसा झालाय का? मरायचे विचार येतात का?' असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना बरं वाटतं, की कुणीतरी तोंडावर विचारलं. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, दीराला, भावाला, कुणालाही बोलवून घ्या आणि त्याच दिवशी सिव्हिल गाठा. मध्यरात्री अडचण आली तर 14416 ला फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात. मिस्टर फोनवर बोलायला तयार नसतील तर तुम्ही स्वतः बोला, घरच्यांनाही सल्ला देतात.

सकाळची उलटी आणि संडास पोटाचं दुखणं असेलही, ते तपासूच. पण कामावर निघायच्या आधीच होतं आणि सुट्टीच्या दिवशी होत नाही, असं असेल तर ती भीती आहे. त्यांना भीतीचं नाव घेऊन टोकू मात्र नका, आयुष्यभर तालमीत जे ऐकलं त्याच्या उलट होईल ते. 'तुमची झोप गेलीय, अंग दुखतंय, तेवढ्यासाठी दाखवू' असं म्हणा. पैलवान माणूस अंगदुखीसाठी येतो. बाकीचं आम्ही बघतो.

गोळ्यांबद्दल घाईनं काही करू नका. त्या ट्रॅमाडॉलसारख्या असतील तर त्यांची सवय लागते. एकदम बंद केल्या तर घाम, थरथर, तळमळ सुरू होते, आणि दारूचं तर एकदम तोडणं जिवावरही बेतू शकतं. त्यामुळं लपवून ठेवणं, गटारात ओतणं असलं काही नको, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायचं. मात्र गोळ्या आणि दारू एका वेळी पोटात जाणं सगळ्यात वाईट. झोपेत श्वास मंद होतो. एवढं तरी आजपासून थांबवायला त्यांना विनवा.

कामाचं म्हणाल तर त्यांच्या साहेबांनाही सांगण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये स्पष्ट बजावलंय की वसुलीसाठी कर्जदाराला धमकावायचं नाही, अपमान करायचा नाही, सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत. म्हणजे धडकी भरवायला दारात नुसता उभा केलेला दांडगा माणूस नियमात बसतच नाही. उद्या प्रकरण पोलिसांत गेलं तर साहेब ऑफिसात असतील आणि दारात तुमचे मिस्टर. तुमच्या घरचं गणित मला कळतं, विड्यांच्या मजुरीत चार माणसं पोसायची म्हणजे काय ते या शहरात कुणी कुणाला सांगायला नको. लगेच सोडा म्हणत नाही. पण जुन्या तालमीत पोरांना शिकवणं, रात्रीची वॉचमनकी, टॉवेलच्या कारखान्यात माल चढवणं-उतरवणं, असं काही मिळतं का याची विचारपूस तुम्ही आणि तुमच्या भावानं मिळून आत्तापासून सुरू करा. त्यांना एकट्याला शोधायला लावू नका.

सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. सकाळी लवकर या, केस पेपर खालीच निघतो. येताना त्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत टाकून आणा. नाव वाचता आलं नाही तरी चालेल, आम्ही वाचू.